‘धंदा सेट झाला की व्यायाम करू’ : हा हिशोब मेंदूला का पटत नाही?



नवीन धंदा टाकलेल्या माणसाला व्यायामाबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं. "सर, एकदा धंदा सेट होऊ द्या, मग तब्येतीकडे बघतो." ऐकायला बरोबर वाटतं. दुकानाचं भाडं, बँकेचा हप्ता, जीएसटीची तारीख, अडकलेली उधारी. आधी हे, मग बाकीचं.

आज या वाक्याचाच हिशोब मांडू. मी डॉक्टर नाही, दुकानदार आहे. पण बीबीएला आपण मशिनरीचा घसारा काढायला शिकतो, आणि गल्ल्यावर बसणाऱ्या डोक्याचा घसारा मात्र कुणी काढत नाही. छोट्या धंद्यात खरेदी, भाव, उधारी, माणसं हे सगळे निर्णय एकाच डोक्यातून जातात. ते मशीन बंद पडलं तर बदली मिळत नाही.

१. ताण आला की आत काय होतं?

चेक बाऊन्स झाल्याचा मेसेज आला. मेंदूकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अॅड्रेनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतात. रक्तात साखर वाढते, शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. हे वाईट नाही. दिवाळीच्या गर्दीत दिवसभर उभं राहण्याची ताकद यातूनच येते.

काम झालं की ब्रेक लागायला हवा. तो लावण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. नवीन गोष्टी शिकणं आणि लक्षात ठेवणं हेही याच भागाचं काम. कॉर्टिसॉल वाढलंय हे ओळखून तो ‘आता बास’ असा निरोप देतो. पण कॉर्टिसॉल महिनोन्महिने चढंच राहिलं, तर मार बसतो तो याच भागाला. म्हणजे ज्याच्या हातात ब्रेक, तोच कमजोर.

धंद्याच्या भाषेत सांगतो. चार दिवसांसाठी घेतलेले हातउसने पैसे धंदा चालवतात. तेच सावकाराचं व्याज दर महिन्याला चढत गेलं, तर धंदा खातं. कॉर्टिसॉलचंही तसंच आहे.

२. बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत काय दिसलं?

हा भाग नीट वाचा, कारण आपल्या मूळ वाक्याचं उत्तर इथेच आहे.

बेंगळुरूच्या एनसीबीएस या संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. २००२ साली तो प्रसिद्ध झाला. उंदरांना रोज दोन तास हलता येणार नाही असं ठेवलं, असे दहा दिवस. नंतर मेंदूच्या पेशी तपासल्या. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या होत्या. आणि अमिग्डाला, म्हणजे भीती आणि धोका ओळखणारा भाग, तिथल्या फांद्या उलट वाढल्या होत्या. शिकणारा भाग आक्रसला, घाबरणारा भाग फोफावला.

२००४ मध्ये त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. ताण थांबवून उंदरांना २१ दिवस निवांत ठेवलं तर? हिप्पोकॅम्पसमधले बदल भरून आले. अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहिली, आणि उंदरांची घाबरट वागणूकही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरी इशारा घेण्यासारखा आहे. ताण गेला म्हणून त्याची सगळी खूण आपोआप पुसली जाते, असं नाही. ‘आधी धंदा सेट, मग तब्येत’ हा हिशोब इथे चुकतो.

३. चालण्या-पळण्याने काय होतं?

पूर्वी समज होता की मोठेपणी मेंदूत नवीन पेशी तयार होत नाहीत. १९९८ मध्ये पीटर एरिक्सन आणि फ्रेड गेज यांच्या टीमने प्रौढ माणसांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी दाखवल्या. १९९९ मध्ये गेज यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं, की पिंजऱ्यात पळायचं चाक असलेल्या उंदरांमध्ये टिकलेल्या नव्या पेशी जवळपास दुप्पट होत्या. माणसात मोठेपणी अशा पेशी किती तयार होतात, यावर वाद आहे. २०१८ मध्ये दोन टीमनी अगदी उलट निष्कर्ष काढले. त्यामुळे ‘व्यायामाने मेंदू दुप्पट’ असं कुणी विकत असेल तर घेऊ नका.

व्यायामाने बीडीएनएफ नावाचं प्रथिनही वाढतं. पेशींसाठी ते खतासारखं काम करतं. ताण, सेरोटोनिन आणि मेंदूतले असे बदल यावर आपल्याकडेही मोठं काम चाललंय. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये प्रा. विदिता वैद्य यांची प्रयोगशाळा हेच करते. त्यांना २०१५ चा भटनागर पुरस्कार आणि २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

माणसांवरचा सगळ्यात उपयोगाचा प्रयोग २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. वय ५५ ते ८०, एकूण १२० जण. निम्मे आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालले, निम्म्यांनी स्ट्रेचिंग केलं. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के कमी झाला.

४. "मी तर दिवसभर उभाच असतो!"

हा प्रश्न येणारच. काउंटरला उभं राहणं, दोन-चार खोकी उचलणं यात दम टिकून लागत नाही. आणि वरच्या प्रयोगात नुसत्या स्ट्रेचिंगने हिप्पोकॅम्पस वाढला नव्हता. हवं ते भरभर, सलग चालणं. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग.

"पण व्यायामानेही कॉर्टिसॉल वाढतंच ना?" हो, वाढतं. पण व्यायाम थांबला की खाली येतं. उधारीची काळजी थांबत नाही, फरक तिथे आहे.

५. सात आठवड्यांचा प्लॅन

त्या प्रयोगातल्या लोकांनीही पहिल्या दिवशी ४० मिनिटं चालायला घेतली नव्हती. आपणही तसंच करू.

• पहिला आठवडा : १० मिनिटं, तीन दिवस.
• दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. सातव्या आठवड्यात ४० मिनिटं होतात.
• वेळ : शटर उघडायच्या आधी. सहकारनगरकडचे असाल तर तळजाई, कोथरूड-पाषाणकडचे असाल तर वेताळ टेकडी, पेठेतले असाल तर सारसबाग किंवा पर्वतीच्या पायऱ्या.
• सोबत कुणीतरी घ्या. २००६ च्या एका प्रयोगात एकट्या ठेवलेल्या उंदरांना पळण्याचा फायदा उशिरा मिळाला, कारण त्यांचं ताणाचं हार्मोन चढं होतं. शेजारचा दुकानदार, बायको, मित्र, कुणीही चालेल.
• कर्ज, दुसरी शाखा, माणूस काढणं असे निर्णय रात्री अकराला गल्ला जुळत नसताना घेऊ नका. सकाळी चालून आल्यावर घ्या. हा माझा दुकानदारी नियम, प्रयोगातला नव्हे.

बीपी, शुगर किंवा छातीत दुखण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जिवाचं बरंवाईट करावं असे विचार येत असतील, तर चालण्यावर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे.

आणि एक. चालल्याने उधारी वसूल होत नाही. त्यासाठी फोन करावाच लागतो. पण तो फोन घाबरलेल्या डोक्याने करायचा की शांत डोक्याने, एवढं आपल्या हातात आहे.

गृहपाठ : ज्या डायरीत जीएसटीची तारीख लिहिता, त्याच डायरीत या आठवड्याचे तीन दिवस आणि वेळ आजच लिहा. सोबत कोण येणार, त्याचं नावही. सात आठवडे झाले की पान उघडून बघा, किती खुणा झाल्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय : उधारी वसुलीचं वेळापत्रक.