जूनमधला गोवा आणि छापील पॅकेज

गोव्याला निघालेल्यांच्या कामाला येईल असं पुष्कळ काही सांगायचं आहे, पण आधी आमच्याशी कसं वागलं गेलं ते बोलू द्या. अजून डोक्यातून जात नाही.

पॅरासेलिंग, जेट-स्की, ग्रँड आयलंडची बोट, डॉल्फिन, दूधसागरला जीप. एवढं सगळं रंगीत कागदावर छापलेलं आणि खाली तारखा, जूनचा पहिला आठवडा. या तारखा मी सांगितल्या होत्या. उन्हाळ कांदा मार्गी लागल्याशिवाय आमच्याकडे कोण घराबाहेर पडतं? आणि जूनच्या मध्याला शाळा. टूरवाल्याने कॅलेंडर समोर ठेवून बुकिंग घेतलं, पैसे पूर्ण घेतले आणि वर म्हणाला, "मुलं खूश होतील, साहेब."

आमच्या पारनेर तालुक्यातल्या सुप्यात मोठ्या झालेल्या मुलांनी पवनचक्क्या पाहिल्यात, एमआयडीसी पाहिली, टँकर पाहिलेत. समुद्र पाहिला नव्हता. माझ्या आईनेही नाही.

कळंगुटला वाळूत लाल झेंडे लावलेले होते. शॅक उतरवलेले, त्यांचे बांबू एका कडेला रचलेले. पाण्यात एक बोट नाही. मुलं आभाळात पॅरासेलिंगची छत्री शोधत होती. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या बोटीला एक जण ताडपत्री बांधत होता, त्याला मी कागद दाखवला. त्याने तो सावकाश, खालपर्यंत वाचला. "एक जूनपासून हे सगळं बंद असतं, दादा. दरवर्षी. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत." कागद परत देताना म्हणाला, "ज्याने हा तुम्हाला विकला, त्याला हे माहीत नाही असं होणारच नाही."

तोवर मला वाटत होतं, काहीतरी गैरसमज झाला असेल. त्या वाक्यानंतर वाटेनासं झालं.

टूरवाल्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, निसर्गापुढे आपलं काय चालतं?" पारनेर तालुक्यातल्या माणसाला याने पावसाचं कारण सांगावं! अचानक वादळ येऊन बोटी थांबल्या असत्या तर मी एक शब्द काढला नसता. पण ही दरवर्षीची ठरलेली बंदी आहे. पावसाळ्यात दूधसागरच्या जीपाही बंद असतात, तेही त्याला ठाऊक होतं. पैशांचं विचारलं तर म्हणे, "ट्रिपचा मूड घालवू नका." नंतर फोन उचलणंच बंद. "समुद्रासमोरची" खोली निघाली ती रस्त्यापासून आत, भिंतीला लागून.

आईला लाटेत पाय घालायचे होते. घोट्याएवढ्या पाण्यात गेली आणि जीवरक्षकाची शिट्टी वाजली. त्या मुलाचं चुकलं नाही. पावसाळ्यात तिथला समुद्र पायाखालची वाळू ओढून नेतो. आपल्याकडच्या माणसांना पाण्याचा अंदाज नसतो, दरवर्षी माणसं बुडतात. शिट्टी वाजली की मागे फिरा, वाद घालू नका.

आता जूनमध्ये गोव्यात करण्यासारखं काय आहे ते सांगतो, कारण ते आम्हाला कागदाने नाही, खानावळीत जेवण वाढणाऱ्या बाईंनी सांगितलं. आग्वादचा किल्ला आधी पाहा. १६१२ साली बांधून झाला, पोर्तुगीज जहाजं इथे गोडं पाणी भरून घ्यायची. तिथल्या पाण्याच्या टाक्याचा विस्तार बघून आई किती तरी वेळ तिथेच उभी होती. किल्ल्याखालच्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय. गोवामुक्तीचे सत्याग्रही इथे डांबले जात. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोऱ्यांबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन जे गोव्यात शिरले, ते सेनापती बापट पारनेरचे. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. मुलांना हे मी तिथे, त्या भिंतींपाशी सांगितलं. पॅकेजमध्ये आग्वादचं नावसुद्धा नव्हतं.

जुन्या गोव्यातलं बॉम जेझू चर्च १६०५ चं. गुडघे आणि खांदे झाकलेले असू द्या. मंगेशीला नक्की जा. पोर्तुगिजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून देव प्रियोळला हलवला, तेच हे देवस्थान. पणजीत फोंताइन्यश वस्तीत पायी फिरा. रायबंदरहून चोडणला फेरीबोट जाते, पायी माणसाला तिकीट नाही. मुलांना अखेर बोट मिळाली ती हीच. शुक्रवारी असाल तर म्हापशाचा बाजार. चोवीस जूनला सांजाव असतो, लोक डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. मासे खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं, जून-जुलै ट्रॉलरना बंदी असते, ताजी मासळी कमी आणि महाग.

फिरायला कदंबची बस बरी. ओला-उबर तिथे नाही, गोवामाईल्स आहे. गाडी भाड्याने घेतलीत तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त सांगतात, पण पोलिसांनी धरलं की देणारा हात वर करतो. बाकी छत्री, औषधं, ओळखपत्रं बरोबर ठेवा, पैसे एका खिशात ठेवू नका.

पॅकेज घेताना प्रत्येक गोष्टीपुढे "तुमच्या तारखेला चालू" असं लिहून घ्या, आणि बंद असेल तर किती रक्कम परत तेही. शिक्का आणि जीएसटी क्रमांक असलेली पावती मागा. माणसाच्या खासगी यूपीआयवर पैसे टाकू नका. हॉटेलला स्वतः फोन करा, तुमच्या नावावर खोली आहे का विचारा, समुद्र किती लांब ते नकाशावर मोजा. टूरवाला गोड बोलतोय म्हणून हे विचारायला संकोचू नका. तो तुमच्याकडून पैसे मागताना संकोचत नाही.

आणि फसलात तर गप्प बसू नका. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि टूरवाला कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. छापील कागद, पावती, फोनवरचे मेसेज, लाल झेंड्यांचे तारखेसह फोटो, सगळं मी जपून ठेवलंय. अर्ज लिहून झालाय, या आठवड्यात नगरला जाऊन देणार आहे.