खोरे एक, कारभारी अनेक : दामोदर नदीचा धडा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्याचा अभ्यास करताना आपण संविधान, शिक्षण आणि सामाजिक समतेचा लढा यांवर भर देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गात क्वचितच येते. त्या काळात ज्या विचाराची पायाभरणी झाली, त्याला आज 'एकात्मिक नदीखोरे व्यवस्थापन' म्हणतात. हा विचार कागदावरून जमिनीवर येताना त्याचे काय झाले, हे आम्ही या लेखात दामोदर नदीच्या उदाहरणाने पाहणार आहोत. विद्यार्थी मित्रांनी हा लेख धडा म्हणून वाचावा. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. एकात्मिक व्यवस्थापन म्हणजे काय?

ज्या प्रदेशावर पडलेला पाऊस वाहत जाऊन एकाच नदीला मिळतो, तो सर्व प्रदेश म्हणजे त्या नदीचे पाणलोट क्षेत्र किंवा खोरे. डोंगरमाथा, उतार, रान, शेती, खाणी, गावे, शहरे हे सर्व त्यात आले. वरच्या माणसाने झाडे तोडली तर खालच्या माणसाच्या धरणात गाळ साठतो. वरच्या कारखान्याने घाण सोडली तर ती खालच्या गावाच्या घागरीत येते. म्हणून माती, पाणी, जंगल, पूर, सिंचन, वीज आणि आरोग्य यांचा विचार सुटासुटा न करता संपूर्ण खोऱ्यासाठी एकत्र करावा, हे या धोरणाचे सार आहे.

हे समजायला कठीण नाही. कठीण आहे ते आचरणात आणणे. कारण नदी जिल्ह्याची किंवा राज्याची हद्द ओळखत नाही, आणि खाती, अंदाजपत्रके, मतदारसंघ हे सारे मात्र हद्दीनेच बांधलेले असतात.

२. दामोदरची समस्या

दामोदर नदी छोटा नागपूरच्या पठारावर, आजच्या झारखंडात उगम पावते. बराकर ही तिची मोठी उपनदी. दोघींचा संगम झाल्यावर नदी पश्चिम बंगालच्या सपाट प्रदेशात उतरते आणि पुढे हुगळीला मिळते. वरच्या भागात तीव्र उतार, उघडी पडलेली जमीन आणि कोळशाच्या खाणी, तर खालच्या भागात दाट वस्तीची भातशेती. पठारावर जोराचा पाऊस झाला की पाणी थोड्या तासांत खाली येई. त्यामुळे दामोदरला 'बंगालचे दुःख' म्हणत.

जुलै १९४३ मध्ये बरद्वानजवळ नदीचा बांध फुटला. रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड पाण्याखाली गेले व कलकत्त्याचा उत्तर भारताशी असलेला संपर्क तुटला. महायुद्ध चालू होते, आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत होती ते हेच वर्ष. सरकारने बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सदस्य होते. नुसते बांध उंच करून भागणार नाही, अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याप्रमाणे संपूर्ण खोऱ्याची योजना हवी, हा विचार येथून पुढे आला.

३. १९४५ : विचार ठरला

३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदर परिषद झाली. केंद्र, बंगाल आणि बिहार यांचे प्रतिनिधी तीत होते आणि मजूर मंत्री म्हणून बाबासाहेबांनी केंद्राची भूमिका मांडली. ही योजना केवळ पूर अडवण्यापुरती नसावी, ती बहुउद्देशीय असावी, हा तिचा गाभा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी या विचाराची दुसरी बाजू सांगितली : पाणी हे लवकरात लवकर समुद्रात ढकलून देण्याचे संकट नाही, ते साठवून वापरण्याचे धन आहे. १९४५ मध्येच केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजच्या केंद्रीय जल आयोगाचा तो पूर्वज होय.

टेनेसी खोरे प्राधिकरणातील अभियंता वूर्दुइन यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये दामोदरचा प्राथमिक आराखडा दिला. त्यात आठ धरणे होती. सेकंदाला १० लाख घनफूट, म्हणजे १० लाख क्युसेकचा पूर आला तरी खाली अडीच लाख क्युसेकच जावे, असा त्याचा हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर संसदीय कायदा झाला आणि ७ जुलै १९४८ रोजी दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. कायद्याने त्याच्याकडे सिंचन, वीज व पूरनियंत्रण तर दिलेच, शिवाय वनीकरण, जमिनीची धूप रोखणे, सार्वजनिक आरोग्य आणि लोकांचे सर्वसाधारण कल्याण हीही कामे सोपवली. एका खोऱ्याला एक कारभारी, असे हे धोरण होते.

४. व्यवहारात काय घडले?

तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) आणि पंचेत (१९५९) ही चार धरणे झाली. १९५५ मध्ये दुर्गापूरचा बंधारा झाला व कालव्यांनी बंगालच्या शेतीला पाणी मिळाले. हे यश मोठे आहे, ते नाकारता येणार नाही. पण आठपैकी चारच धरणे झाली, हेही विसरून चालणार नाही. असे का झाले? आम्हांला चार कारणे महत्त्वाची वाटतात.

पहिले कारण : लाभ एकाचा, झळ दुसऱ्याची. धरणांखाली बुडणारी जमीन मुख्यतः बिहारची, आणि पुरापासून वाचणारी शेते बंगालची. कायद्यात खर्चाची वाटणी होती. पूरनियंत्रणाचा १४ कोटींपर्यंतचा भांडवली खर्च केंद्र व पश्चिम बंगाल यांनी निम्मा निम्मा सोसायचा आणि त्यावरचा सगळा बंगालने. म्हणजे बंगालला पुढच्या धरणाचा खर्च जड, आणि बिहारला त्यासाठी आणखी जमीन देणे जड. जे झाले नाही त्याची जबाबदारी कोणा एकाची ठरली नाही.

दुसरे कारण : अर्धवट भूसंपादन. मैथन व पंचेत येथे आराखड्यातील पूर्ण उंचीपर्यंत पाणी साठवण्यासाठी लागणारी सर्व जमीन घेतली गेली नाही. त्यामुळे पुरासाठी राखून ठेवायची जागा कागदावर मोठी, प्रत्यक्षात लहान राहिली. त्यात अपेक्षेपेक्षा वेगाने गाळ भरत गेला. महामंडळाने हजारीबाग येथे मृदसंधारणाचे काम सुरुवातीच्या वर्षांतच चालू केले होते. पण वरच्या उतारावरील काम धरणासारखे डोळ्यांत भरत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. साहजिकच ते मागे पडले.

तिसरे कारण : एका कारभाऱ्याचे अनेक झाले. १९६४ मध्ये दुर्गापूरचा बंधारा व कालवे पश्चिम बंगाल सरकारकडे गेले. १९७८ मध्ये दामोदरवरच तेनुघाट धरण बांधले गेले, पण ते बिहारने, महामंडळाच्या बाहेर, आणि पुरासाठी जागा राखून न ठेवता. २००० मध्ये झारखंड राज्य झाल्यावर ते झारखंडकडे गेले. महामंडळ मात्र हळूहळू कोळशावर वीज करणारी संस्था बनले. आज त्याची औष्णिक वीजनिर्मिती-क्षमता ६,००० मेगावॅटहून अधिक आहे, तर जलविद्युत १५० मेगावॅटच्याही आत. ज्या कामातून पैसा येतो ते वाढते; ज्यातून फक्त लोकांचे रक्षण होते ते थांबते. शिवाय, धरण भरलेले असले तर वीज व सिंचन साधते, आणि रिकामे असले तर पूर अडतो. हा विरोध मिटवायला खंबीर आणि सर्वांना मान्य असा निर्णयकर्ता लागतो.

चौथे कारण आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. ज्यांची जमीन गेली त्यांना निर्णयात जागाच नव्हती. धरणांखाली गावे गेलेल्यांत संथाळ आणि इतर आदिवासी मोठ्या संख्येने होते. पंचेत धरणाचे उद्घाटन ६ डिसेंबर १९५९ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तीन वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी झाले. पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत एका संथाळ कामगार तरुणीने कळ दाबली. तो सन्मान खरा होता. पण सन्मान म्हणजे हक्क नव्हे. विस्थापितांच्या भरपाईच्या आणि नोकरीच्या मागण्या त्यानंतर अनेक दशके चालूच राहिल्या.

या साऱ्याचा परिणाम आजही दिसतो. खालच्या नदीचे पात्र उथळ व अरुंद झाले असून हुगळी व हावडा जिल्ह्यांत पूर येतच असतात. सप्टेंबर २०२४ च्या पुरात पश्चिम बंगाल सरकारने महामंडळाने सोडलेल्या पाण्याला दोष दिला आणि महामंडळावरील व जलाशय नियमन समितीवरील आपले प्रतिनिधी काढून घेतले. ज्या टेबलाभोवती १९४५ मध्ये सर्व बसले होते, ते टेबलच मोकळे पडण्याची ही वेळ.

५. आपल्या महाराष्ट्रात

हे दूरच्या नदीचे पुराण आहे असे कोणी समजू नये. १९५६ च्या नदी मंडळे कायद्याखाली देशात एकही नदी मंडळ उभे राहिले नाही. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात नदीखोरे अभिकरणे आहेत, पण ती म्हणजे पूर्वीचीच पाच पाटबंधारे विकास महामंडळे. धरण बांधणारी संस्थाच खोऱ्याची कारभारी झाली. राज्य जल आराखड्याला मंजुरी देणाऱ्या राज्य जल परिषदेची पहिली बैठक व्हायला २०१५ साल उजाडले.

लहान प्रमाणावर मात्र वेगळा अनुभव आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर या हिशेबाने दिले. उसाला बंदी केली. मुख्य म्हणजे, भूमिहीनालाही पाण्याचा वाटेकरी मानले. येथे धोरण आणि व्यवहार यांत अंतर कमी पडले, कारण पाण्याचा हिशेब आणि पाण्याचा हक्क एकाच बैठकीत, सर्वांसमक्ष ठरत होता.

१९९५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सुमारे ५०० हेक्टरचे पाणलोट आणि गावाची समिती ही पद्धत देशभर नेली. 'माथा ते पायथा' काम करायचे, हे तिचे सूत्र. पण इथेही प्रश्न आहेच. माथ्यावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी होते तेव्हा झळ शेळ्या पाळणाऱ्याला आणि सरपण गोळा करणाऱ्या बाईला बसते. पायथ्याच्या विहिरीला पाणी वाढते तेव्हा लाभ विहीरवाल्याला होतो. दामोदरमध्ये बिहार व बंगाल यांच्यात जे झाले, तेच गावात भूमिहीन व बागायतदार यांच्यात होते.

६. धडा

खोरे नकाशावर एक करणे सोपे आहे. ते खरोखर एक होते तेव्हाच, जेव्हा झळ सोसणारा आणि लाभ घेणारा एकाच बैठकीत बसतो, आणि लाभाचा वाटा झळ सोसणाऱ्याकडे नियमाने जातो, मेहेरबानीने नव्हे. उत्तम अभियंते, कायदा आणि महामंडळ असूनही दामोदरला हेच कमी पडले. म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे की, गावात पाणलोट समिती असेल तर तिच्या सभेला जा, नकाशा मागा, हिशेब मागा, आणि भूमिहीनाच्या वाट्याचा ठराव लिहून घ्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपले गाव किंवा वस्ती कोणत्या नदीच्या खोऱ्यात येते? पाणी कोठून येते व सांडपाणी कोठे जाते, याचा नकाशा काढा.

२. दामोदर योजनेतील झळ व लाभ यांची दोन रकान्यांत यादी करा. लाभाचा वाटा झळ सोसणाऱ्यांना कसा देता आला असता?

३. पूर अडवण्यासाठी धरण रिकामे ठेवावे की सिंचनासाठी भरावे, हे कोणी ठरवावे?

४. पाणी जमिनीला द्यावे की माणसाला? दोन्ही बाजूंनी मते मांडा.