डब्यावरचा ‘डेंजर’ आणि खांबावरचा ‘डेंजर’



घरात इंग्रजी शिकलेलं कोणी असो वा नसो, धोक्याचे चार-पाच इंग्रजी शब्द आपल्या रोज डोळ्यांपुढं असतात. औषधाच्या डब्यावर, विजेच्या खांबावर, स्पिरिटच्या टँकरवर. आपण ते चित्रासारखे बघतो आणि कामाला लागतो. पण या शब्दांची पायरी ठरलेली असते, आणि जागा बदलली की त्याच शब्दाचे वजनही बदलते. ते कसे, हे या पाठात पाहू.

आधी औषधाचा डबा घ्या. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांप्रमाणे प्रत्येक डब्यावर शंकरपाळ्यासारखा चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो आणि वरच्या भागात शब्द. लाल रंग असेल तर वर कवटी व हाडे आणि ‘पॉयझन’ हा शब्द, म्हणजे अतिशय जहाल विष. पिवळ्यावरही ‘पॉयझन’च, मात्र कवटी नाही. निळ्यावर ‘डेंजर’ आणि हिरव्यावर ‘कॉशन’. हे रंग प्रयोगातल्या जनावरांवरून ठरवले आहेत. पोटात गेल्यावर निम्मी जनावरे मरायला, त्यांच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष लागते ते मोजतात. ५० पर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा आणि त्यापुढे हिरवा.

हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे सरीत टाकत आलो ते दाणेदार फोरेट लाल रंगाचे होते. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात बंदी आहे, तेव्हा कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नये. खोडकिडीसाठी हल्ली मारतात ते क्लोरँट्रानिलीप्रोल हिरव्यात येते. मात्र रंगावर फार विसंबू नका. तणनाशक पॅराक्वाट पिवळ्यात बसते, कवटी त्याच्यावर नाही, आणि तरी ते पोटात गेले तर त्यावर खात्रीचा उतारा आजही नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. डब्यावर ‘डेंजर’ ही वरून तिसरी पायरी झाली. यंत्रावर मात्र तोच शब्द सगळ्यांत वरचा. अमेरिकेत यंत्रांच्या सूचनांची जी पद्धत बसली, आणि जी आता पुष्कळ यंत्रांच्या पाट्यांवर दिसते, तीत तीन शब्द आहेत. ‘डेंजर’ म्हणजे ऐकले नाही तर जीव जाईल किंवा जबर इजा होईल. ‘वॉर्निंग’ म्हणजे तसे होऊ शकेल. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल. म्हणून रोटाव्हेटरच्या फिरत्या शाफ्टजवळ ‘डेंजर’ दिसले, तर ‘निळ्या डब्यावरही असतंच की’ असे म्हणून चालणार नाही. विजेचेही तेच. १९५६ च्या वीज नियमांनी धोक्याचा फलक हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या भाषेत, कवटी-हाडांसह लावायला सांगितले. तिथला ‘डेंजर’ म्हणजे हात लावला की संपले.

भाषेवरून आठवले. आपला ‘धोका’ हिंदीत ‘धोखा’ होतो आणि त्याचा अर्थ फसवणूक. उत्तरेकडून आलेल्या कामगाराला नुसते ‘धोका’ लिहिलेली पाटी कशी कळावी? त्याच्यासाठी ‘खतरा’ लिहावे लागते. आणि आपण तरी काय करतो? डब्यावर इंग्रजीत विष म्हणून छापलेले असते, अन् आपण त्याला ‘औषध’ म्हणतो! उसाला ते औषध असेल, पण मारणाऱ्याला ते विषच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. फवारणारा गडी मळमळतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय म्हणाला, तर त्याला तसाच डबा घेऊन दवाखान्यात न्यावे. विषाचे नाव आणि उतारा डब्यावर असतो, तो डॉक्टरांना वाचू द्यावा.

टँकरवरचा ‘इन्फ्लेमेबल’ हा तर पक्का फसवा शब्द. इंग्रजीत शब्दाच्या आधी ‘इन’ लागले की पुष्कळदा अर्थ उलटा होतो, म्हणून शाळेत जाणारी पोरंसुद्धा याचा अर्थ ‘न पेटणारे’ असा लावतात. इथे तसे नाही. ‘इन्फ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. न पेटणाऱ्याला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. आसवनीतून निघणारा स्पिरिटचा टँकर रस्त्यात उभा दिसला तर बिडी पेटवून त्याच्या सावलीला बसू नये.

शेवटचा शब्द धोक्याच्या यादीत कोणी धरत नाही, तो म्हणजे ‘एम्प्टी’, रिकामा. भाषेचे अभ्यासक बेंजामिन ली व्होर्फ (१८९७–१९४१) हे पोटासाठी अमेरिकेतल्या एका अग्निविमा कंपनीत नोकरी करीत आणि आगी कशा लागतात ते तपासत. त्यांना आढळले, की पेट्रोलने भरलेल्या पिंपांपाशी माणसे जपून वागतात, पण पिंपे ‘एम्प्टी’ म्हटली की तिथेच सिगारेटी ओढतात, थोटके टाकतात. वास्तविक रिकाम्या पिंपात तेलाची वाफ कोंडलेली असते आणि भडका तिचाच उडतो. आपल्याकडे इंधनाचे रिकामे पिंप कापायला किंवा वेल्डिंगला नेतात, तेव्हा हेच घडू शकते.

विषाच्या रिकाम्या डब्याचेही असेच. झाकण घट्ट बसतं, डबा मजबूत, म्हणून त्यात रॉकेल, डाळ, कधी पिण्याचे पाणीसुद्धा भरलेले दिसते. डबा तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. मग तळाला खिळ्याने भोके पाडून डबा चेपून टाकावा आणि विहीर, पाट, गोठा यांपासून दूर खोल पुरावा.