एकपत्नीव्रताचा विचार

माण, खटाव, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त तालुक्यांत कित्येक संसार दोन ठिकाणी विभागले गेले. साताऱ्याकडील पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेला. सांगलीकडील सोन्याचांदीच्या गलाईसाठी परप्रांती गेला. शेत व सासूसासरे स्त्रीने सांभाळले. अशा दीर्घ वियोगात मोह कामवासनेच्या उघड रूपाने क्वचितच येतो. दिवसभराच्या श्रमानंतरच्या एकटेपणातून तो येतो, म्हणून गृहस्थाला तो निरुपद्रवी भासतो.

व्रत मात्र समाजाने स्त्रीकडेच सोपविले. 'पतिव्रता' हा शब्द घराघरांत आहे. 'एकपत्नीव्रत' रामकथेपुरते उरले! या एकांगीपणाचे फळ १९९० नंतरच्या दशकात दिसले. ज्यांनी आपले व्रत कधीही मोडले नव्हते अशा अनेक स्त्रियांना पतीकडूनच एच.आय.व्ही.चा संसर्ग झाला, आणि पतिनिधनानंतर दोषही त्यांच्याच माथी आला.

कित्येक जण हा दोष वेश्यावस्तीवर ढकलतात. ते न्याय्य नव्हे. सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेने त्या स्त्रियांत कार्य आरंभिले. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. संसर्ग टाळण्याचा आग्रह त्यांनी धरला. तेथे जाणारा पुरुष तर स्वेच्छेनेच जात होता.

वासनिकाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्खलन घडलेच, तर ते पत्नीपासून लपविणे हा दुसरा व्रतभंग होय, आणि तो पहिल्याहून घातक आहे. २००४ पासून शासनाचे औषधोपचार विनामूल्य मिळतात. परंतु पती मौन धरतो तोवर तिला तपासणीची आवश्यकताच कळत नाही.