कलमांसाठी घडीचा चाकू : निवड आणि निगा

पावसाळा सुरू झाला की पाम, बोईसर, तारापूरपासून पार डहाणू-घोलवडपर्यंतच्या पट्ट्यात कलमे बांधण्याची घाई सुरू होते. खुंट, डोळकाडी, प्लॅस्टिकची पट्टी यांची तयारी आपण आधीपासून करतो. चाकू मात्र आयत्या वेळी हाताला येईल तो घेतला जातो. पुष्कळ कलमे इथेच फसतात.

कलम जुळते ते खुंटाची आणि डोळकाडीची अंतरसाल एकमेकींना भिडली तर. ही अंतरसाल म्हणजे साल आणि लाकूड यांच्यामधला अगदी पातळ थर. बोथट पात्याने हा थर कापला जात नाही, चेंगरतो. काप वरवर बरा दिसतो, पण दोन्ही कापांमध्ये फट राहते, तिथे काळे पडते आणि काडी सुकते. आंब्याच्या कोय कलमात दोन-तीन आठवड्यांची कोवळी रोपे वापरत असल्याने नुकसान त्या मानाने कमी. चिकूचे तसे नाही. त्याला खिरणीचा (रायणीचा) खुंट लागतो आणि खिरणी इतकी सावकाश वाढते की रोप कलमाजोगे होण्यास साधारण दोन वर्षे लागतात. चुकलेल्या एका कापाने दोन वर्षांची राखण वाया जाऊ शकते. चाकूची किंमत या हिशेबाने पाहावी.

साधा घरगुती घडीचा चाकू आणि कलमाचा चाकू यांत मुख्य फरक धारेचा. घरगुती चाकूचे पाते दोन्ही बाजूंनी उतरते असते. कलमाच्या चाकूचे पाते एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतरते असते, त्यामुळे काप सरळ व गुळगुळीत येतो. काडी तासताना सपाट बाजू काडीत राहणाऱ्या कापाकडे आली पाहिजे. म्हणून डावखुऱ्या माणसाने दुकानात तसे स्पष्ट सांगून वेगळा चाकू मागवावा. पाते सहा ते आठ सेंटिमीटर लांब असले म्हणजे पुरे. डोळे भरायचे असल्यास मुठीच्या टोकाला किंवा पात्याच्या पाठीवर साल उचलण्याची बोथट जीभ आहे का तेही पाहावे. फक्त पाचर कलम बांधणाऱ्यास तिची गरज नाही. कात्री, करवत, बाटली उघडण्याचे हत्यार असा सगळा संसार एकाच मुठीत असलेला चाकू मात्र घेऊ नये. तो जड होतो आणि त्यातले पातेच नेमके हलके निघते.

दुकानात चकाकीकडे न पाहता खिळीकडे पाहावे. पाते पूर्ण उघडून टोक चिमटीत धरावे व डावी-उजवीकडे हलवावे. खिळीत खेळ जाणवला तर चाकू परत ठेवावा, मग तो कितीही स्वस्त असो. उघडताना आणि मिटताना पाठीच्या स्प्रिंगचा जोर सारखा लागला पाहिजे. ढिल्या स्प्रिंगचा चाकू काम चालू असताना बोटांवर मिटतो. मिटलेले पाते मुठीच्या मधोमध बसावे, एका बाजूस घासू नये. उघडलेले पाते उजेडासमोर धरून धार पाहावी. चांगली धार दिसत नाही, जिथे चमकते तिथे ती बोथट आहे. शेवटी वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापावा. तो न फाटता, न अडकता कापला गेला पाहिजे. दुकानदार थोडा कुरकुरेल, पण हे करूनच घ्यावे.

पात्याचे पोलाद दोन प्रकारचे मिळते. कार्बन पोलादाला धार लवकर लागते आणि बारीक लागते, पण ते गंजते. आपल्याकडे समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत एका रात्रीतही तांबूस डाग पडतात. स्टेनलेस पाते गंजाला दाद देत नाही, पण हलक्या प्रतीचे असल्यास धार टिकत नाही. प्रस्तुत लेखकाने एकदा जत्रेतून चकचकीत चाकू घेतला होता. वीसेक काड्या तासल्यावर त्याने कांदासुद्धा नीट चिरेना! यावर एक सोपी परीक्षा आहे. खिशात लहानसे लोहचुंबक न्यावे. पात्याला ते चिकटलेच नाही, तर ते भांड्यांच्या जातीचे स्टील समजावे. त्याला पाणी देता येत नाही. चिकटले म्हणजे पाते उत्तम असे मात्र नव्हे. रोज निगा राखणाऱ्याने कार्बन पोलाद घ्यावे, इतरांनी मध्यम किमतीचे स्टेनलेस.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे या भागात घरोघरी एखादा फिटर असतो. करवतीच्या जुन्या पात्याला घासून केलेला चाकू अनेकांकडे दिसतो. धार उत्तम येते, फुकटात होतो. पण ते पोलाद ठिसूळ असते, शिवाय हा चाकू मिटत नाही. म्हणून चामड्याचे म्यान केल्याशिवाय खिशात ठेवू नये.

नवा चाकू घेण्यापूर्वी पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात कलमे बांधणाऱ्या अनुभवी माळ्याच्या हातातला चाकू एकदा पाहून यावा. महागडे परदेशी चाकू धंदेवाईक रोपवाटिकेस परवडतात. वर्षाला शे-दोनशे कलमे बांधणाऱ्यास मध्यम किमतीचा देशी चाकू आणि दुहेरी कार्बोरंडमचा दगड पुरेसा आहे. पैसे कमी असतील तर चाकूत थोडी काटकसर करावी, दगडात करू नये.

धार लावताना दगडाच्या बारीक बाजूवर तेलाचे थेंब टाकून पात्याची फक्त उतरती बाजू घासावी. सपाट बाजूला बारीक कड येते. ती बाजू दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदाच हलकेच ओढावी व नंतर जुन्या चामडी पट्ट्यावर पाते फिरवावे. रस्त्यावरच्या चाकावर कलमाचा चाकू देऊ नये. ठिणग्या उडून पाते तापते, निळसर होते आणि त्याचे पाणी उतरते. मग ती धार टिकत नाही.

चिकूचा चीक पात्यावर वाळला की काप ओढला जातो. दर आठ-दहा कलमांनंतर स्पिरिटच्या बोळ्याने पाते पुसावे, म्हणजे एका झाडाचा रोगही दुसऱ्यास लागत नाही. जवळ विडी-काडी नको. ब्लीचिंगच्या पाण्याने पोलाद खाल्ले जाते, ते वापरू नये. संध्याकाळी चाकू कोरडा करून खिळीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. खोबरेल थंडीत थिजते आणि धूळ धरते. चाकू चामड्याच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवल्यास दमट चामड्यानेच गंज चढतो, तेव्हा हंगाम संपल्यावर तो तेल लावलेल्या कापडात गुंडाळून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवावा.