बोरीबंदरसमोरची शाळा

विद्यार्थ्यांनो, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून तुम्ही दादाभाई नौरोजी मार्गावर आलात, की समोर घुमट आणि कमानी असलेली एक जुनी दगडी इमारत दिसते. नवख्या माणसाला ती एखाद्या नवाबाची हवेली वाटते. पण शाळा सुटण्याची घंटा होते आणि दप्तरे सावरत मुले बाहेर पडतात. ही अंजुमन-ए-इस्लामची शाळा होय.

'अंजुमन' या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. मराठीत आपण 'सभा' किंवा 'मंडळ' म्हणतो.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना कचेऱ्यांत व न्यायालयांत कामे मिळू लागली. त्यांत मुसलमान फारच थोडे होते. इंग्रजी शिकून मुलगा दीन विसरेल, अशी भीती अनेक आईबापांना वाटे. मिशनऱ्यांच्या शाळांत बायबल शिकवीत असत. तेव्हा ही भीती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही. शिवाय गरिबी होतीच.

बदरुद्दीन तय्यबजी १८६७ साली इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई उच्च न्यायालयातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. ते लहानपणी मदरशात उर्दू-फारसी शिकले होते आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये इंग्रजी. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे त्यांना कोणी पटवून देण्याची गरज नव्हती. १८७४ साली त्यांनी थोरले बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि इतर मित्रांच्या साहाय्याने अंजुमनची स्थापना केली.

शाळा मात्र लगेच निघाली नाही. त्यासाठी १८८० साल उजाडावे लागले. सुरुवातीला शिक्षक होते तीन आणि विद्यार्थी सुमारे १२०.

एक प्रश्न मोठा अवघड होता. शिकवायचे कोणत्या भाषेत? मुंबईचे मुसलमान एका भाषेचे नव्हते. कोकणी मुसलमानांच्या घरात कोकणी बोली, बोहरा व खोजा यांच्या घरात गुजराती, मेमनांच्या घरात मेमनी आणि उत्तरेकडून आलेल्यांच्या घरात उर्दू. अंजुमनने उर्दू, कुराणाचे शिक्षण आणि इंग्रजी ही तिन्ही एकाच छपराखाली आणली. काही मुलांची घरची भाषा एक, शाळेची दुसरी आणि वरच्या परीक्षेची तिसरी! मराठीचा हा धडा वाचताना तुम्हांला ती मुले जवळची वाटतील.

पुढे सरकारने बोरीबंदरसमोर जागा दिली. १८९० साली गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांनी इमारतीची कोनशिला बसवली आणि १८९३ साली त्यांच्याच हस्ते तिचे उद्‌घाटन झाले. शालेय क्रिकेटची 'हॅरिस शील्ड' तुम्हांला ठाऊक असेल. ती याच गव्हर्नरांच्या नावाची. त्यांना क्रिकेटचे फार वेड होते. पुढे या शाळेतूनही नामवंत खेळाडू निघाले. वसीम जाफर त्यांपैकीच एक. अभिनेते दिलीपकुमारही याच शाळेचे विद्यार्थी.

मुलींना मात्र पुष्कळ वाट पाहावी लागली. बेलासिस रोडवर अंजुमनची मुलींची शाळा सुरू झाली ती १९३६ साली. मुलांचा पहिला वर्ग भरला, त्याला तोवर छप्पन्न वर्षे होऊन गेली होती.