स्वयंअध्ययन करणाऱ्यांसाठी ऑनलाइन पाठाची रचना

वर्गात पाठ चालू असता शिक्षकाची दृष्टी मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरत असते. एखाद्याच्या कपाळी आठी दिसली की तो थांबतो, उदाहरण बदलतो, फळ्यावर आकृती काढतो. ऑनलाइन पाठात ही सोय नसते. पाठ तयार करणारा एके ठिकाणी, शिकणारा दुसऱ्या ठिकाणी, आणि दोघांच्या वेळाही भिन्न. आठवीनंतर शाळा सुटलेली एखादी मुलगी १७ नंबरचा अर्ज भरून दहावीच्या परीक्षेस खाजगीरीत्या बसू पाहते. घरातील एकुलता एक मोबाइल रात्री तिच्या हाती येतो व तेव्हा ती अभ्यासास बसते. पाठातील एखादी पायरी उमगली नाही तर तिने विचारावे कोणास? वर्गातील मूल मध्येच उठून जात नाही. ती मात्र पाठ बंद करते, आणि का बंद केला हे कोणास कळतही नाही. यास्तव वर्गात जे काम शिक्षक करतो ते येथे पाठानेच करावयाचे आहे, हे रचनाकाराने प्रथम ध्यानी घ्यावे.

१. पाठाने विचारावे

केवळ चित्रफीत पाहिल्याने शिकणे पुरे होत नाही. पाहताना सारे समजल्यासारखे वाटते, परंतु ते टिकतेच असे नाही. रोडिगर व कार्पिक ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली ह्याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही विद्यार्थ्यांनी दिलेला उतारा पुन्हा वाचला. इतरांनी उतारा बाजूस ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे सरस ठरले. पण आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारेच पुढे होते. तेव्हा चित्रफीत दोन-तीन मिनिटांची असावी, तिच्यापाठोपाठ प्रश्न यावा, आणि शिकणाऱ्याने स्वतः उत्तर दिल्यावरच पाठ पुढे सरकावा. मागील पाठावरचे दोन प्रश्न पुढील पाठाच्या आरंभी घातल्यास पूर्वज्ञानाची उजळणीही आपोआप होते.

२. चुकीच्या उत्तरास उत्तर द्यावे

१/२ + १/३ = किती? पुष्कळ मुले २/५ असे उत्तर देतात. ह्यावर ‘चूक, बरोबर उत्तर ५/६’ एवढेच दाखवून पाठ पुढे गेला, तर शिकणाऱ्याचा गैरसमज जागच्या जागी राहतो. त्याऐवजी पाठाने असे विचारावे : ‘अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळवला. आता झालेले २/५ हे अर्ध्याहून मोठे की लहान?’ मिळवूनही भाकरी कमी झाली, हे पाहिल्यावर शिकणारा आपणच थबकतो. दुसरा कोणी २/६ असे उत्तर देईल. त्यास निराळा प्रश्न हवा : ‘२/६ म्हणजे १/३ च. मग आपल्याजवळची अर्धी भाकरी गेली कोठे?’ ह्यानंतर सहा समान भागांची पट्टी दाखवावी, तिचे आधी तीन व मग दोन भाग बोटाने रंगवावयास सांगावे, आणि ५/६ हे उत्तर शिकणाऱ्यासच काढू द्यावे.

असे पाठ रचण्यास लागणारी मुख्य सामग्री प्राथमिक शिक्षकापाशी आधीच आहे. वर्षानुवर्षे तपासलेल्या वह्यांतून मुले कोठे व कशी चुकतात हे त्यास ठाऊक असते. त्या चुकांची यादी हेच पाठाचे पहिले टाचण होय.

३. बक्षिसांचा वापर जपून करावा

पाठात तारे, पदके व गुण ह्यांची खैरात करण्याकडे कल असतो. लेपर, ग्रीन व निस्बेट ह्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या बाबतीत बोलका आहे. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवर्गातील काही मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवून चित्रे काढावयास लावले. पुढे मोकळ्या वेळात ती मुले इतर मुलांपेक्षा कमी रमली. कबूल न करता अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांत मात्र अशी घट दिसली नाही. म्हणून काल न सुटलेले उदाहरण आज सुटले, हे शिकणाऱ्यास दिसेल अशी सोय करावी. कोणता पाठ आधी घ्यावा ह्याची थोडी निवडही त्याच्याकडे सोपवावी.

४. सोबत व सोय

१९९९ साली सुगाता मित्रा ह्यांनी दिल्लीतील कालकाजी भागात भिंतीत संगणक बसवून तो मुलांस खुला केला. मुले घोळक्याने जमून एकमेकांस दाखवीत तो हाताळावयास शिकली. एकटे शिकणाऱ्यासही अशी सोबत हवी असते. दोघी-तिघींनी मिळून सोडवावयाचा एखादा स्वाध्याय द्यावा. शिक्षकाने आठवड्यातून एकदा दूरध्वनीवरून विचारपूस करावी. पाठ अर्धा राहिल्यास पुढच्या वेळी तेथूनच उघडावा, अक्षर लहान पडद्यावर वाचता यावे, आणि काही काम कागद-पेन्सिलीने करावयाचे असावे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ व्यासपीठावरील साहित्य पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडावरून उघडते. असे तयार साहित्य देतानाही शिक्षकाने आपले चार प्रश्न त्यास जोडावेत.

५. पाठाची परीक्षा

पाठ सर्वांस देण्यापूर्वी तो एका शिकणाऱ्याच्या हाती द्यावा व शिक्षकाने मागे मुकाट्याने बसावे. काही सांगू नये, सुचवू नये. बोट कोठे थांबते, कोणते वाक्य दोनदा वाचले जाते, कोठे कंटाळा येतो, एवढेच टिपून घ्यावे. अडखळण्याच्या त्या जागी दोष शिकणाऱ्याचा न मानता पाठाचा मानावा, व पाठ दुरुस्त करून पुन्हा दुसऱ्याच्या हाती द्यावा. रात्री एकटीने अभ्यासास बसणाऱ्या मुलीजवळ शिक्षक नसेल. पण त्याने आधी करून ठेवलेला हा विचार तिच्या उपयोगी पडेल.